मीटर माझ्या भिंतीवर

आमच्या घराचा मेन स्विच सासऱ्यांच्या पडवीत होता आणि मनात येईल तेव्हा ते तो खाली पाडायचे. हे आधी सांगायला हवं, नाहीतर एका मीटरसाठी ही बाई एवढी का भांडली, असं कुणालाही वाटेल.

घर ठाण्यातलं, खाडीच्या अंगाला असलेल्या जुन्या गावातलं. पुढे अंगण, पडवी आणि दोन खोल्या सासऱ्यांच्या. मागे दोन खोल्या माझ्या आणि माझ्या मुलीच्या. सासरे तरुणपणी मिठागरावर होते, नंतर घरची शेती केली, आणि त्या शेताच्या जागी आता एवढा उंच टॉवर उभा आहे की दुपारी तीननंतर आमच्या अंगणात ऊन येत नाही. त्या टॉवरमधल्या लोकांना मी इडली-डोशाचं पीठ विकते. आगरी घरातली सून आणि डोशाचं पीठ विकते, म्हणून गावातल्या बायका सुरुवातीला तोंडावर पदर घेऊन हसल्या. हसू देत. आता त्याच बायका पाहुणे आले की पातेलं घेऊन माझ्याकडे येतात.

माझा नवरा शॉक लागून गेला, त्याला आता अकरा वर्षं होतील. मागच्या दारी पाण्याची मोटर होती. भर दुपारी तो तिचा पाइप काढायला बसला, मोटरला हात लावला, आणि संपलं. मी चार पावलांवर कपडे वाळत घालत होते. मुलगी तेव्हा सात वर्षांची. यापेक्षा जास्त मी त्या दुपारबद्दल लिहिणार नाही.

त्यानंतर बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ही मेन पाडायची सवय लागली. देवळात निघाले की मेन बंद. दुपारी डोळा लागायच्या आधी मेन बंद. आभाळ जरा भरून आलं की मेन बंद. सासूबाई होत्या तोवर त्या जाऊन परत चालू करायच्या. दोन वर्षांत त्याही गेल्या. मग पुढच्या घरात म्हातारा आणि त्याचा स्विच, मागे मी आणि माझा ग्राइंडर. ग्राइंडर अर्ध्यात थांबला की तांदूळ दगडाखाली बसतात, पीठ गरम होतं, सगळा घाणा वाया. फ्रीज दुपारभर बंद राहिला की पीठ फुगून डब्याबाहेर येतं. मी पळत पडवीत जायचे, तर हे दाराला कुलूप लावून देवळात! माझं डोकं अस्सं फिरायचं म्हणून सांगू. पण ज्या माणसाचा मुलगा गेला त्याला काय बोलणार? माझाही नवराच गेलेला ना, हे मात्र त्यांना कुणी सांगत नव्हतं.

मुलगी बारावीला गेली तेव्हा मी ठरवलं की मागे एक खोली वाढवायची. ग्राइंडर, फ्रीज, तांदळाच्या गोण्या सगळं तिकडे, आणि पोरीला अभ्यासाला एक टेबल ठेवण्यापुरती जागा इकडे. डोंबिवलीला माझं माहेर आहे, एमआयडीसीच्या बाजूच्या गावात. भाऊ कधीचा म्हणत होता, ये इकडे, एक खोली देतो. चांगला आहे भाऊ. पण त्या खोलीत मी राहिले असते ती पाहुणी म्हणून, आणि माझी सगळी गिऱ्हाइकं इथे. मी त्याला बोलले, "अरे, एकदा खोली बांधून बघते. नाहीच जमलं तर येते." तो बोलला, "मेपर्यंत बघ, मग पोरीची ॲडमिशन इकडेच घेऊ." म्हणजे मुदत पडली.

खोलीला बाबांनी नाही म्हटलं नाही. परवानगीला आठ महिने गेले, ते जाऊ दे. पाया झाला, गल्लीकडची भिंत उभी राहिली, आणि मग स्लॅबवाला वर चढला आणि तिथूनच ओरडला, "ताई, ही वायर बघितली का?"

गल्लीतल्या खांबावरून आमच्या घरात येणारी वायर माझ्या मागच्या पत्र्यांवरून जाऊन थेट पडवीत उतरायची. खोली वाढली की ती बरोबर स्लॅबच्या वर, उभ्या माणसाच्या कमरेला लागेल अशी. स्लॅबवाल्याने हात झटकले. वायर हलल्याशिवाय तो सळईसुद्धा बांधणार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. आमच्या घरात विजेने एक माणूस गेलेला हे त्याला ठाऊक होतं.

उपाय सरळ होता. खांब माझ्या नव्या भिंतीसमोरच. मीटर आणि मेन त्या भिंतीवर आणायचे, खांबावरून वायर थेट तिथे, आणि तिथून पाइपातून एक केबल पुढच्या घराला. वीज कंपनीच्या ऑफिसात गेले तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"मग अर्जावर त्यांची सही आणा."

इथेच गाडी अडली. मी पडवीत जाऊन सगळं नीट समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि बोलले, "मीटर पडवीतनं हलनार नाय."

"अहो बाबा, मग स्लॅब कसा पडणार?"

"नको पाडू."

"आणि मी? मी कुठे जाऊ?"

त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं. टॉवर झाल्यापासून तिकडे खाडी दिसतसुद्धा नाही!

मला कळत नव्हतं असं नाही. मेन माझ्या भिंतीवर आला म्हणजे पुढच्या घरातला दिवा माझ्या हातात. म्हाताऱ्याला ते नको होतं, असंच मी धरून चालले. मनात बोलले, अकरा वर्षं माझा दिवा तुमच्या हातात होता, तेव्हा मी मेले का? आणि मी पण हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर अर्ज आणि पेन द्यायला लागले. बशीखाली अर्ज, बाजूला पेन. बाबा चहा प्यायचे, कप परत द्यायचे, बशी परत द्यायचे, पेन परत द्यायचे. अर्जावर चहाचा गोल डाग. पाचव्या दिवशी तो अर्ज देण्यालायक राहिला नाही, म्हणून नवीन आणला. मग तोही गेला. तिसरा अर्ज आणायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाई बोलल्या, "सासरे का?" मी बोलले, "सासरे." त्यांनी न विचारता दोन जास्तीचे दिले.

मुलगी बोलली, "मम्मी, सोड ना. मामाकडे जाऊ. तिथे लाइट तरी जात नाही." ते मला फार लागलं. तिच्यावर ओरडले, मग तिला जवळ घेतलं, मग परत ओरडले. सोडायचं म्हणजे काय? या घरात मी लग्न होऊन आलेले, माझा माणूस या घरात गेला, आणि मी एका स्विचमुळे गाठोडं बांधून निघू? मी नाही निघणार. ते मी तेव्हाच ठरवून टाकलं.

सही नाही तर नाही, बाकीची तयारी करू म्हणून मी वायरमनला बोलावलं. लायसनवाला माणूस, टिटवाळ्याहून यायचा, साठीला आलेला, बोलायला एकदम रोखठोक. घरात लोड किती, केबल केवढी लागेल, हे बघायला त्याला पडवीतला बोर्ड उघडायचा होता. बाबांनी अकरा वर्षांत कुठल्याच वायरमनला त्या बोर्डला हात लावू दिला नव्हता. नवरा गेला तेव्हा मोटर काढून भंगारात दिली, तेवढंच. त्या दिवशीसुद्धा ते दारात आडवे उभे राहिले. मी बोलले, "बाबा, बाजूला व्हा. नुसतं बघतोय तो." माझा आवाज चढलेला असणार, कारण ते खरंच बाजूला झाले.

वायरमनने झाकण काढलं, बॅटरी मारली आणि फळीच्या मागे वाकून बघितलं. मग विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तुमचा?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे.

"ही हिरवी वायर अर्थिंगची," तो बोलला. "ही जमिनीत जायला पाहिजे. खड्डा करतात, त्यात पट्टी पुरतात, कोळसा आणि मीठ भरतात. करंट कुठे बाहेर फुटला तर तो जमिनीत जातो, माणसात नाही. तुमची वायर बघा कुठे गेली आहे."

बघितलं. मीटरच्या फळीमागे भिंतीत एक खिळा होता. हिरवी वायर त्या खिळ्याला चार वेढे देऊन गुंडाळलेली. बस्स. पुढे काहीच नाही.

मी विचारलं, "खड्डा असता तर?"

"असता तर मोटरमध्ये फॉल्ट आल्या आल्या फ्यूज उडाला असता, ताई. हात लावायची वेळच..." मग त्याच्या लक्षात आलं असावं की तो कुणाशी बोलतोय. त्याने झाकण परत बसवलं.

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. एक खड्डा! एक टोपलीभर कोळसा आणि मीठ, तेवढ्यासाठी माझा माणूस गेला? अकरा वर्षं मी मोटरला शिव्या दिल्या, त्याच्या ओल्या हाताला दिल्या, स्वतःलाही दिल्या, की मी त्याला हाक मारून जेवायला का नाही बोलावलं. आणि इथे भिंतीत खिळा! मी पडवीत उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. कोण तो हरामखोर वायरमन ज्याने हे काम केलं, त्याचं वाटोळं होवो, त्याला दाखवा मला, त्याच्या दारात जाऊन बसते. शेजारच्या बायका बाहेर आल्या. बाबा मात्र खाटेवर बसले आणि तसेच बसून राहिले. त्या दुपारी त्यांनी मेन पाडला नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप घ्यायला गेले तर बशीखालच्या अर्जावर सही होती. वाकडीतिकडी, पण सही. मला वाटलं, माझं ओरडणं लागू पडलं. खोटं कशाला बोलू, मनात जिंकल्यासारखं झालं. त्याच पावली ऑफिसात अर्ज देऊन आले.

आणि घरी येते तर बाबा माझ्या नव्या भिंतीच्या पायथ्याशी पहार घेऊन! पंचाहत्तरीचा माणूस, बनियन घामाने चिंब. वायरमनने जाताना अर्थिंगच्या खड्ड्यासाठी चुन्याने चौकोन आखून दिलेला, त्यात गुडघ्याएवढं खणून झालेलं.

"बाबा, गडी लावलाय मी, तो येईल ना उद्या."

"गड्याचं काम नाय यो."

तीन दिवस ते खणत होते. थोडं खणायचे, बसायचे, पाणी प्यायचे, परत खणायचे. मला हात लावू देईनात. वायरमन येऊन खोली मोजून गेला, बोलला, "म्हाताऱ्याने माझ्यापेक्षा सरळ खणलाय." मी माजिवड्याला जाऊन पट्टी, केबल, पेटी सगळं आणलं. मिठाच्या पिशव्या आणल्या, त्या मात्र बाबांनी परत पाठवल्या. एवढं बारीक मीठ पहिल्याच पाण्यात विरघळून जाईल, बोलले. दोन दिवसांनी एक ओळखीचा टेम्पोवाला गोणीभर जाडं खडं मीठ टाकून गेला. बाबांनी एक खडा दाताखाली फोडून बघितला, मान हलवली. मग कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, असं स्वतःच्या हाताने भरत गेले. प्रत्येक थर दाबताना त्यांचे ओठ हलत होते. मंत्र म्हणत होते की आणखी काय, मी विचारलं नाही. मला त्यांचा राग होताच, पण तो घेऊन जावं कुठे ते कळेना.

लाइन जोडायचा दिवस ठरला. सकाळी नऊला पुढची जुनी वायर काढली. पडवीतल्या भिंतीवर फळीचा नुसता चौकोनी डाग राहिला. कंपनीचा लाइनमन शिडी लावून गल्लीतल्या खांबावर चढला. वायरमन माझ्या भिंतीवरच्या पेटीत जोडण्या तपासत होता. पेटीत मेन आणि त्याच्याशेजारी एक छोटा स्विच होता, करंट जरा जरी फुटला तर आपोआप पडणारा. त्याच्याकडे मी सारखी बघत होते. मुलगी क्लासला गेलेली. मी आदल्या दिवशीच सगळं पीठ विकून टाकलं होतं, फ्रीज रिकामा. खड्ड्याच्या तोंडाशी बाबा उकिडवे बसले होते, माती सारखी करत.

मी त्यांना चहा नेऊन दिला. थर्मासमधला होता, निवलेला. त्यांनी घेतला नाही.

"यो खड्डा," ते बोलले, "तवा मीच नको बोल्लो."

मला आधी कळलंच नाही. "कोणता खड्डा?"

"तुझ्या लग्नाच्या टायमाला घरात नवीन वायरिंग केली. मागच्या खोल्या तवाच बांधलेल्या, तुमच्यासाठी. वायरमन बोल्ला, अंगनाच्या कोपऱ्याला खड्डा घ्यायला लागंल. कोपरा कनचा? मांडवाची मेढ रोवायची तो. चार दिवसांवर हळद. मी बोल्लो, लग्नाच्या अंगनात, मेढीच्या जागी, कोलशाचा खड्डा? नाय. अपशकुन व्हईल. लगीन जाल्यावर घेव. तो बोल्ला, तवर वायर खिल्याला बांधून ठेवतो." त्यांनी मातीवर हात फिरवला. "तुझी सासू सारखी आठवन करून द्यायची. खड्डा घ्या, खड्डा घ्या. मग भात लावनी आली. मग तुला दिवस गेले, आथा कसा खनायचा. मग राहून गेलं."

वर लाइनमन काहीतरी बोलत होता, ते मला नीट ऐकूच येत नव्हतं.

"तू त्या वायरमनला शिव्या दिल्यास. त्याचं काय नव्हतं, पोरी. मीटर तुझ्याच भिंतीवर राऊं दे. माझ्या हाताजवल नको."

म्हणजे माझ्या लग्नाला अपशकुन होऊ नये म्हणून! मला रडू आलं असेल असं वाटेल कुणाला. नाही आलं. मला असा संताप आला की हातातला चहा त्यांच्या अंगावर फेकावा. आणि त्याच क्षणी दिसलं की हा माणूस अकरा वर्षं दिवसातून चारदा त्या स्विचपाशी का जात होता. मी समजत होते, मला दाबात ठेवायला. ते घाबरून जात होते. एकदा जे करायचं राहिलं, त्याच्या बदल्यात रोज मेन बंद करत होते. मी हे सगळं असं सुसूत्र तेव्हा विचार करून काढलं नाही, शब्द नंतर सापडले. आणि मी त्यांना माफ केलं असंही लिहिणार नाही, कारण आजही कधी कधी दुपारी कपडे वाळत घालताना करत नाही.

"ताई, टाका मेन!" लाइनमन खांबावरून ओरडला.

मी गेले. वायरमन बाजूला सरकला. मेन वर ढकलला, तो छोटा स्विच वर ढकलला. मीटरचा लाल ठिपका लुकलुकायला लागला, आत फ्रीज सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पुढच्या घरातला पंखा फिरायला लागला, तोही माझ्या भिंतीवरून. वायरमनने टेस्टचं बटण दाबून स्विच पाडून दाखवला, परत चढवला. बोलला, "आता बिनधास्त राहा." मी इतके महिने या एका क्षणासाठी भांडले होते. तो आला, आणि मी तिथे उभी राहू शकले नाही.

बाबा अजून तिथेच बसलेले.

"बाबा, पहार कुठेय?"

"कशाला गो?"

"पुढच्या कोपऱ्याला दुसरा खड्डा घ्यायचाय. वायरमन बोललाय, दोन असले तर चांगलं."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पुढच्या कोपऱ्याला नको गो," बोलले. "पोरीचं लगीन व्हायचंय या घरात. मेढ तिथंच रोवायची."

"मेढ दुसरीकडे रोवू," मी बोलले. "खड्डा तिथेच."

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, भिंतीला टेकवलेली पहार घेतली आणि पुढच्या अंगणात गेले. कोपऱ्यातला दगड पायाने बाजूला सारला, आणि पहार माझ्या हातात दिली. पहिला घाव मी घातला.